अकरा गुणांची सुईण

अक्काने एकोणीस वर्षांत किती बाळंतपणं केली, असं कुणी विचारलं की ती उलट विचारायची, "रडत आलेली सांगू, की रडवावी लागलेलीही त्यात धरू?" मग स्वतःच सांगायची, दोन्ही मिळून चार हजारांवर. त्यात अडलेली होती, पायाळू होती, गळ्याला नाळेचे दोन-दोन वेढे घेऊन आलेली होती. अशी ही बाई साडेचार वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात चादरी धूत होती, आणि तिच्या डोक्यावर बरोबर चार मजले वर प्रसूती विभाग होता. नशिबालाही विनोद सुचतात, पण ते फार हलक्या दर्जाचे असतात.

हे कुटुंब परक्या देशात आलं ते हौसेने नाही. त्यांच्या गावातली शाळा आधी बंद पडली आणि मग प्रसूतिगृह. जिथे पोरंच उरली नाहीत तिथे मास्तरने शिकवायचं कुणाला आणि सुईणीने आणायचं कुणाला? म्हणून अक्का, भूमिती शिकवणारा तिचा नवरा आणि चौऱ्याहत्तर वर्षांची सासू असे तिघं दोन खोल्यांच्या एका घरात येऊन राहिले. मास्तर आता एका गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवत. लेबल काटकोनात बसलं नाही तर काढून पुन्हा लावत, आणि त्याबद्दल त्यांना दोनदा ताकीद मिळाली होती. सासूबाई दिवसभर खिडकीत बसून समोरच्या इमारतीवर टीका करत.

अक्काची पदविका खरी होती, अनुभवाचे दाखले खरे होते, भाषांतरावरचे शिक्केही खरे होते. पण परवाना मंडळाचं म्हणणं होतं की पदविका तिकडची, बाळं इकडची. तेव्हा इथे परीक्षा द्या. संधी दोन. आणि पाच वर्षं काम केलं नाही तर तुमचं शिक्षण शिळं झालं असं समजून फाइल कायमची बंद. कागदपत्रं गोळा करण्यातच चार वर्षं गेली. एक कागद मिळवावा तर तोवर दुसऱ्याची मुदत संपलेली असायची.

तोवर लाँड्री. आठ ड्रम, दोन वाफेच्या इस्त्र्या, आणि कापसाचा भुगा नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं. वरच्या मजल्यांवरून चादरींच्या पिशव्या खाली येत, त्यांवर खोलीचा नंबर असे. अक्का हातमोजे घालून कपडे वेगळे करायची आणि शितावरून भाताची परीक्षा करावी तशी चादरीवरून बाळंतपण ओळखायची. ही सुखाने सुटली. हिला टाके पडले. हिचं पाणी आधीच गेलं होतं. लाँड्रीची मुकादमबाई म्हणायची, "नाक चादरीत नको घालूस, चादर मशीनमध्ये घाल."

एका दुपारी एकाच खोलीच्या तीन पिशव्या पाठोपाठ आल्या. अक्काने पहिली चादर उघडली, दुसरी उघडली आणि सरळ भिंतीवरचा फोन उचलून वर लावला. "सहा नंबरच्या खोलीत बघा. त्या बाईचं रक्त थांबलेलं नाही."

"कोण बोलतंय?"

"लाँड्री."

पलीकडे कुणीतरी हसलं आणि फोन ठेवला. तासाभराने त्याच खोलीच्या आणखी दोन पिशव्या आल्या. ती बाई वाचली, कारण वर तिला उशिरा का होईना रक्त चढवलं. अक्काला मात्र लेखी समज मिळाली की धुलाई विभागाने वैद्यकीय बाबींत लक्ष घालू नये. तिने तो कागद वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि घरी जाऊन परीक्षेचा अर्ज भरला. रागाने भरलेला अर्ज होता तो. अक्षर इतकं ठसठशीत आलं होतं की मागच्या पानावरही उमटलं.

परीक्षा अशी होती. टेबलावर रबराचा कमरेखालचा देह. त्याच्या डोक्याच्या बाजूला, पडद्याला टेकून, मंडळाने रोजावर आणलेली एक खरी बाई. तिने बाळंतीण असल्यासारखं कण्हायचं, ओरडायचं, घाबरून प्रश्न विचारायचे. कोपऱ्यात खुर्चीवर परीक्षकबाई, मांडीवर तक्ता आणि तक्त्यावर तीस चौकोन. प्रसंग दिलेला होता: बाळाचं डोकं बाहेर आलंय, खांदा आत अडकलाय. हातात जेमतेम पाच मिनिटं.

अक्काला हे नवं नव्हतं. तिने कोपराने घंटी दाबली, भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं, मदतनीस नर्सला डोळ्याने खूण केली. दोघींनी मिळून रबराचे गुडघे वर पोटाशी नेले, नर्सने ओटीपोटावर दाब दिला, अक्काचा हात आत गेला. या सगळ्यात ती फक्त त्या बाईशी बोलत होती, तेही हळू. "श्वास घ्या. आता ढकलू नका. मी आहे." पावणेदोन मिनिटांत रबराचं बाळ बाहेर. अक्का समाधानाने घरी गेली. वाटेत सासूबाईंसाठी मऊ सपाता घेतल्या.

पंधरा दिवसांनी निकाल आला. तीसपैकी अकरा. पास व्हायला वीस लागत. शेरा होता: मदत मागितल्याचे आढळले नाही. वेळ पाहिल्याचे आढळले नाही. पुढे असे आणखी सतरा 'आढळले नाही'.

अक्का मंडळाच्या कार्यालयात गेली. खिडकीमागच्या कारकुनाने समजावून सांगितलं, त्यात त्याचा दोष नव्हता. परीक्षेत प्रत्येक कृती करता करता मोठ्याने बोलून दाखवायची असते. बोललं की परीक्षक खूण करतात. बोललं नाही तर ती कृती झालीच नाही.

"पण मी घंटी दाबली. ती वाजलीसुद्धा."

"तुम्ही दाबली असेल. सांगितली नाही."

"आणि बाळ? बाळ बाहेर आलं ना?"

कारकुनाने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. "बाळ बाहेर येण्याला वेगळे गुण नाहीत," तो म्हणाला.

आता अक्का का बोलली नाही, हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई घुमी आहे. घुमी कसली, घरात तिचं तोंड शिवायला दोरा पुरायचा नाही. पण ती ज्या प्रसूतिगृहात शिकली तिथल्या मोठ्या बाईंचा दंडक होता. बाळंतिणीच्या खोलीत दोघांनीच बोलायचं, बाळाने आणि बाळंतिणीशी सुईणीने. बाकी सगळं डोळ्यांनी आणि हातांनी. 'खांदा अडकला' हे शब्द त्या खोलीत कुणी मोठ्याने उच्चारले तर मोठ्या बाई त्याला बाहेर काढत, मग तो डॉक्टर का असेना. अक्काने चार हजार बाळंतपणं याच शिस्तीत केली होती. ती शिस्त या तक्त्यात अडाणीपणा ठरली.

"बोलणाऱ्याची माती खपते," मास्तर म्हणाले, "न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. बोल की गं मग. तुला काय कुणी शिकवायला हवं?"

आणि त्यांनी तयारी हातात घेतली. मास्तरच ते. पट्टी घेऊन तीस चौकोन आखले. खांदा अडकलेल्या बाळंतपणाची पक्ष, साध्य, सिद्धता अशी मांडणी केली. स्वतः स्टुलावर परीक्षक होऊन बसले. बाळंतीण म्हणून सासूबाईंना पलंगावर झोपवलं, पोटावर उशी आणि पायांत टॉवेलचं गुंडाळलेलं बाळ.

"या वयात," सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "लोक काय म्हणतील?"

सवय लागावी म्हणून अक्का घरभर बोलत सुटली. "मी आता गॅस बंद करते आहे. मी झाकण ठेवते आहे. मी मदतीला हाक मारते आहे, अहो, ताटं घ्या." लाँड्रीतही ती ड्रमशी बोलायला लागली तेव्हा मुकादमबाईने तिला दोन दिवस रजा घ्यायला सुचवलं. पण जमत होतं. मास्तरांच्या तक्त्यावर आधी अठरा, मग तेवीस, मग सत्तावीस खुणा पडल्या.

परीक्षेच्या आदल्या रविवारी शेवटची तालीम झाली. अक्काने खणखणीत आवाजात, मास्तरांकडे तोंड करून, पाठ केलेलं सुरू केलं. "बाळाचं डोकं बाहेर आलं आहे, खांदा अडकला आहे. ही आणीबाणी आहे. मी मदत मागते आहे. पाच मिनिटांत बाळ बाहेर आलं नाही तर बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते किंवा बाळ दगावू शकतं..."

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी उशी बाजूला केली आणि उठून बसल्या. चेहरा असा झाला होता की मास्तरांनी पट्टी खाली ठेवली.

"तुला मधला भाऊ होता, ठाऊक आहे ना?" त्या लेकाला म्हणाल्या. "जन्मतानाच गेला, एवढं ठाऊक आहे. कसा ते मी कधी सांगितलं नाही. असाच अडला होता. डॉक्टर माझ्या पायांशी उभा होता आणि शेजारच्याला मोठ्याने म्हणाला, 'हे काही वाचत नाही.' मी तिथंच होते. माझ्याच पोटातलं मूल, आणि तो माझ्या अंगावरून पलीकडच्या माणसाशी बोलत होता. ते ऐकलं आणि माझे हातपाय गळाले. मी जोर लावायचं सोडलं. वाचलं असतं की नाही, देव जाणे. पण मी सोडलं, हे मला पन्नास वर्षं पुरलंय."

मास्तर उठले, आईजवळ जाऊन बसले आणि त्यांना काय करावं सुचेना म्हणून तिच्या सपाता सरळ करून ठेवू लागले. अक्काला रडू आलं, पण त्याहून जास्त संताप आला. त्या डॉक्टरचा आला, तो बहुधा आता हयातही नसेल. तीस चौकोनांचा आला. सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण गेला महिनाभर ती त्याच डॉक्टरचा आवाज घासूनपुसून पाठ करत होती.

"मी असं बोलणार नाही," ती म्हणाली.

"अगं, शेवटची संधी आहे," मास्तर म्हणाले. "नापास झालीस तर फाइल बंद. जन्मभर चादरी."

"बोलणार नाही असं कुठं म्हणतेय? असं बोलणार नाही म्हणतेय. ते नियमाचं पान काढा बघू."

मास्तरांनी काढलं. लिहिलं होतं, उमेदवाराने प्रत्येक कृती स्पष्ट शब्दांत उच्चारावी.

"कुणाला सांगावी, ते लिहिलंय का?"

मास्तरांनी पान उलटून पाहिलं. "लिहिलेलं नाही. पण गुण परीक्षक देणार. तिला सांगायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"मला नाही कळत," अक्का म्हणाली. "आई, झोपा परत. पहिल्यापासून करू."

परीक्षेच्या दिवशी तीच खोली, तेच टेबल, तोच प्रसंग. परीक्षकबाईही त्याच. रोजावरची बाई मात्र वेगळी होती, तरुण. सकाळपासून आठ वेळा बाळंत होऊन तिचा घसा बसला होता. तिने नेमून दिल्याप्रमाणे किंकाळी फोडली. "काय होतंय मला?"

अक्का तिच्याजवळ वाकली. कोपर घंटीवर होतं.

"सांगते. बाळाचं डोकं आलंय, खांदा जरा अडकलाय. असं होतं, आणि त्याला उपाय असतात. मी घंटी दाबली, ऐकलीत ना? आणखी माणसं येतायत, बाळाचे डॉक्टरही. घड्याळात तीन वाजून चार मिनिटं झालीत, मी वेळ धरून ठेवलीय. आता ढकलू नका. या सिस्टर आणि मी तुमचे गुडघे पोटाशी नेतोय, म्हणजे बाळाला जागा होईल."

"माझ्याकडे बघून बोला," परीक्षकबाई म्हणाल्या.

अक्काने मान वळवली नाही. "आता सिस्टर इथं, खाली, हाताने दाबतील. दुखेल. दुखलं तर माझा दंड धरा, तो दणकट आहे, लाँड्रीतला आहे."

"उमेदवार, सूचना मला द्यायच्या आहेत. गुण मी देते आहे, हे लक्षात आहे ना?"

चांगलं लक्षात होतं. साडेचार वर्षं, आठ ड्रम, मास्तरांचं काटकोनातलं लेबल, सगळं त्या खुर्चीत पेन धरून बसलं होतं. एकदा वळून त्या बाईंकडे पाहिलं असतं तर काम झालं असतं. मोठ्या बाई असत्या तर त्यांनी त्या खुर्चीला दार दाखवलं असतं. अक्काला ते शक्य नव्हतं, म्हणून तिने त्या खुर्चीकडे फक्त पाठ केली.

"त्या बाईंना घाई आहे," ती बाळंतिणीला म्हणाली. "आपल्याला नाही. दाब पुरला नाही, म्हणून आता माझा हात आत जाईल. बाळाचा मागचा हात मी आधी सोडवणार. झालं, कोपर लागलं. आला बघा हात. आता खांदा येतोय. आता ढकला, सगळा जोर लावून."

रोजावरच्या बाईने खरंच ढकललं. तिच्या पोटात काही नव्हतं, ढकलायचं ते रबर दोन हात लांब होतं, तरी तिने दात आवळून जोर लावला. या वेळी ओरडायचं होतं, ते विसरली. बाळ आलं. अक्काने ते पुसून तिच्या छातीवर ठेवलं आणि वेळ सांगितली, तीही तिलाच. त्या बाईने रबराच्या बाळावर हात ठेवला आणि तो काढायला तिला जरा वेळ लागला.

परीक्षकबाई उठून टेबलापाशी आल्या. रागावलेल्या नव्हत्या, गोंधळलेल्या होत्या. "तुम्हाला सगळं येतं," त्या म्हणाल्या. "मग मला का सांगितलं नाहीत?"

"बाळ तुमचं नव्हतं, बाई," अक्का म्हणाली आणि हात धुवायला गेली. धुते आहे असं कुणाला सांगितलं नाही.

सहा आठवडे मास्तरांनी घरात बोलणं कमी केलं. फक्त एकदा म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण." सासूबाईंनी त्यांना गप्प बसवलं. पाच वर्षं भरायला तीन आठवडे उरले असताना निकाल आला. तीसपैकी बावीस. पास. परवाना घ्यायला कार्यालयात स्वतः यावं. मास्तर पत्र हातात धरून खिडकीपाशी उभे राहिले आणि त्यांनी ते आईला तीनदा वाचून दाखवलं.

कार्यालयात तोच कारकून होता. त्याने परवान्याचं जाड पान काढलं, वर अक्काचं नाव, हुद्दा, सगळं नीट. पण ते देण्याआधी सही करायचा एक कागद पुढे सरकवला. वर शीर्षक, 'आढळलेल्या उणिवा'. खाली एकच ओळ: सर्व संवाद रुग्णाशी केला, परीक्षकाकडे दुर्लक्ष. त्याखाली छापलेलं, वरील उणिवा मला मान्य आहेत व मी त्या सुधारीन. मग सहीचा चौकोन.

"कर सही," मास्तर कानाशी म्हणाले. "कागदच आहे. उद्या कुणी बघणारही नाही."

तसं तर खरंच होतं. अक्काने पेन उचललं. मग तिला वाटलं, त्या डॉक्टरनेही आधीच असा कुठेतरी सुधारण्याचा कागद भरला असता तर सासूबाईंची पन्नास वर्षं वाचली असती. त्याच्याकडून कुणी भरून घेतला नाही. आणि माझ्याकडून भरून घेतायत, का, तर मी बाळंतिणीशी बोलले. तिने छापील ओळीवर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'ही उणीव नाही. पुढेही असंच करीन.' आणि चौकोनात सही केली, पूर्ण नावाची.

मास्तरांनी डोळे मिटले.

कारकुनाने कागद वाचला. पुन्हा वाचला. "हे असं चालत नाही," तो म्हणाला.

"का?"

"इथे असं कुणी लिहीत नाही."

"लिहू नये असा नियम आहे का?"

त्याने खणातून नियमांचं पुस्तक काढलं. बोट ओळीवरून फिरवत गेला. मागे रांग वाढत होती, कुणीतरी खाकरलं. अक्का हलली नाही. लागेल तितका वेळ ती तिथे उभी राहणार होती, आणि तिच्या पायांना साडेचार वर्षं उभं राहायची सवय होती. शेवटी कारकुनाचं बोट एका जागी थांबलं. चौकोनात उमेदवाराची सही असावी. त्याने चौकोन पाहिला. सही होती. बाकी कागदावर काय असावं किंवा नसावं, याबद्दल पुस्तक गप्प होतं. तो माणूस जन्मभर चौकोनच बघत आला होता. त्याने शिक्का उचलला आणि दाबला.

परवाना घेऊन अक्का वळली. मागे एक तरुण बाई छातीशी फाइल धरून उभी होती, आणि तिच्या दुसऱ्या हातात तसाच एक कागद होता, सहीसाठी पेन आधीच उघडलेलं. कुठल्या देशाची होती कुणास ठाऊक. अक्काने तिच्या पेनावर हात ठेवला.

"आधी वाच," ती म्हणाली. "आणि पटलं नाही तर तिथंच लिही. जागा असते."